व्यसन हा आजार की नाद? विमा कंपनी, कायदा आणि घरचे, तिघांची तीन उत्तरं

रानजाई

माझे दाजी (थोरल्या बहिणीचे यजमान) गेल्या महिन्यात दवाखान्यात होते. सगळ्यांच्या बोलण्याला कंटाळून त्यांनी दारू एका झटक्यात बंद केली. तिसऱ्या दिवशी फिट आली. नंतर रात्रभर ते पांघरुणावरच्या मुंग्या झटकत होते आणि पांघरुणावर एकही मुंगी नव्हती. आयसीयूत ठेवावं लागलं. आता ठीक आहेत. विम्याचा दावा टाकला तर एका ओळीचं उत्तर आलं : मद्यपानाशी संबंधित उपचार पॉलिसीत वगळलेले आहेत.

ताईच्या नणंदेला बायपोलर हा मानसिक आजार आहे. तिची पॉलिसीही त्याच कंपनीची, आणि तिच्या दाखल होण्याचा दावा मात्र मंजूर झाला होता. घरातही हाच भेद आहे. ताईचे सासरे लेकीबद्दल म्हणतात, "तिचं बिचारीचं दुखणं आहे." जावई नव्हे, पोटचा मुलगा असूनही दाजींबद्दल म्हणतात, "कुणी नाकात नळी घालून पाजली होती का?" याच घरात पूर्वी त्या नणंदेला 'बाहेरचं' झालंय म्हणून दर अमावास्येला भगताकडे नेत असत. म्हणजे एका पिढीत मानसिक आजार भगताकडून डॉक्टरकडे आला. व्यसन अजून उंबऱ्याबाहेरच आहे.

मला सांत्वन नको, युक्तिवाद हवेत. व्यसन हा आजारच आहे असं मला वाटतं. पण समोरचा "मनावर घेतलं तर सुटते" म्हणाला की मला पुढे नीट मांडता येत नाही. ज्यांना हा आजार वाटत नाही त्यांनी अवश्य लिहा.

सरळरेषा

दाजींना आराम पडो. मी विरुद्ध बाजूचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

फिट आणि भास हा आजार होता, त्यात वाद नाही. पण तो पिण्याचा परिणाम. ग्लास उचलणं हा आजार कसा? हिवताप झालेल्या माणसाला पगार संपला म्हणून ताप येणं थांबत नाही. पिणाऱ्याचं पिणं मात्र पगार संपला, सासरे आले, साहेबांसमोर उभं राहायचं असलं की थांबतं. म्हणजे नियंत्रण आहे, ते कुठे वापरायचं हे तो ठरवतो.

व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी अभ्यास केला होता. तिथे असताना सुमारे २० टक्के सैनिक हेरॉइन-अफूच्या आहारी गेले होते. घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले जेमतेम ५ टक्के पुन्हा व्यसनी झाले. बहुतेकांनी कुठलाही उपचार घेतला नव्हता. गाव बदललं, व्यसन गेलं. असा मेंदूचा आजार मला माहीत नाही.

आणि प्रश्न फक्त दारूचा नाही. थॉमस सास हा स्वतः मनोविकारतज्ज्ञ होता. १९६१ मध्ये त्याने पुस्तकभर हेच मांडलं की आजार शरीराला होतो, आणि आपण ज्यांना मानसिक आजार म्हणतो ते जगण्यातले पेच आहेत. तो टोकाला गेला हे मान्य. पण त्याची भीती खोटी नव्हती. १८५१ मध्ये कार्टराइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्याला आजाराचं नाव दिलं होतं. समलैंगिकता १९७३ पर्यंत अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत होती, आणि ती काढायची की नाही यावर मतदान झालं. क्षयरोग आहे की नाही यावर कुणी मतदान घेतं का?

स्टेथोस्कोप

सरळरेषा, मी मनोविकारतज्ज्ञ नाही, तालुक्याच्या ठिकाणी मेडिसिन बघतो. त्यामुळे वॉर्डातून सुरुवात करतो.

हाड मोडून दाखल झालेला पेशंट किती पितो ते सांगत नाही, घरचे "कधीमधी" म्हणतात. ऑपरेशन व्यवस्थित होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, तो चादर चाचपडतो, सलाईन उपटतो. नर्सला लगेच कळतं. दारू मेंदूतल्या शांत करणाऱ्या 'गाबा' यंत्रणेला जोर देते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्यावर तोड म्हणून उत्तेजित करणारी 'ग्लुटामेट' यंत्रणा चढवून ठेवतो. दारू अचानक काढली की ती चढलेली यंत्रणा तशीच राहते. मग फिट, भास, कधी मृत्यू. म्हणून ज्यांच्या घरी रोज भरपूर पिणारं माणूस आहे त्यांना हात जोडून सांगतो, घरात कोंडून दारू सोडवू नका. लोराझेपाम-डायझेपामसारखी औषधं आणि थायमिन देऊन हा काळ सुखरूप काढता येतो. रानजाई, तुमच्या दाजींनी मनावर घेतलं होतं. मनावर घेतल्यामुळेच ते आयसीयूत गेले.

सरळरेषा, तुमचा खरा मुद्दा यापुढे आहे, हे मान्य. दारू तोडल्याचा शारीरिक त्रास साधारण आठवडाभरात उतरतो. मग महिन्याने माणूस पुन्हा गुत्त्यावर का जातो? ॲलन लेश्नर यांनी १९९७ मध्ये 'सायन्स'मध्ये लिहिलं की व्यसन हा मेंदूचा आजार आहे. जीन हेमन यांनी पुढे पुस्तक लिहून उलट बाजू मांडली की हा निवडीतला बिघाड आहे. मला दोघांचं भांडण दिसतं तितकं मोठं वाटत नाही, कारण निवड करणारा अवयव मेंदूच आहे. लगेच मिळणारं सुख आणि पुढचं नुकसान यांचा ताळा जिथे बसतो, तिथेच वर्षानुवर्षांच्या पिण्याने फरक पडलेला असतो. साहेबांसमोर तो दोन तास थांबू शकतो हे खरं. तोल बिघडलेला असतो, पार संपलेला नसतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून दारूच्या व्यसनाचा साधारण निम्मा धोका आनुवंशिक दिसतो. उरलेला निम्मा घर, गाव, मित्र आणि दारूची किंमत यांत आहे.

आता तुमच्या क्षयरोगाबद्दल. तो तपासणीत दिसतो, मनोविकार दिसत नाही, असं तुमचं म्हणणं. एकेकाळी युरोपातल्या मनोरुग्णालयांत भव्यतेचे भ्रम आणि स्मृतिनाश असलेले, हळूहळू लुळे पडणारे असंख्य रुग्ण असत. १९१३ मध्ये त्यांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू सापडले. तेव्हापासून तो आजार मनोविकारशास्त्राचा राहिला नाही. २००७ मध्ये दालमाऊ यांनी एक मेंदूदाह वर्णन केला. त्यात तरुण मुलींना अचानक भ्रम-भास होतात आणि कारण असतं शरीरानेच तयार केलेली प्रतिद्रव्यं. तोही न्यूरॉलॉजीकडे गेला. कारण सापडलं की आजार दुसऱ्या विभागात जातो, मग मनोविकारशास्त्राकडे नेहमी कारण न सापडलेलेच उरणार. तपासणी नाही म्हणून आजार नाही, असं म्हणणाऱ्याने १९१२ साली त्या रुग्णांनाही तेच सांगितलं असतं.

चांदणवेल

वाचतेय. चर्चा चांगल्या वळणावर आहे.

अबोली

मी या धाग्यावर लिहावं की नाही ते कळत नव्हतं. माझ्या नवऱ्यासमोर समुपदेशकांनी मला समजावलं की हा आजार आहे, राग धरू नका. घरी आल्यावर पुढचं वर्षभर मला तेच ऐकावं लागलं. पैसे उचलले, आजारामुळे. हात उगारला, आजारामुळे. मी बोलले तर "आजारी माणसाशी असं वागतात?" सासूबाईंनाही ते पटलं.

डॉक्टर, तुमचं गाबा-ग्लुटामेट मला पटतं. पण त्या सगळ्यात माझ्या दंडावरचा वळ कुठे बसतो?

पक्षकार

अबोलीताई, कायद्याचं उत्तर तुमच्या बाजूने स्पष्ट आहे. मानसिक आजारामुळे आपण काय करतोय हे न कळणाऱ्याला फौजदारी कायदा वेगळं वागवतो. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ८४ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २२. नशेची सूट मात्र ज्याला नकळत किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध नशा दिली गेली त्यालाच आहे, पूर्वीचं कलम ८५, आताचं २३. स्वतःहून प्यायलेल्याला 'मी शुद्धीत नव्हतो' एवढं म्हणून सुटता येत नाही. त्याला व्यसनाचा आजार आहे हे मानूनही तुम्ही कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार करू शकता. एकाने दुसरं रद्द होत नाही.

आता रानजाईंचा विमा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, लागू २९ मे २०१८ पासून. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थिती धरल्या आहेत. कलम २१(४) म्हणतं की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराच्या उपचारांसाठी शारीरिक आजारांच्याच पायावर विम्याची सोय करावी. नणंदेचा दावा मंजूर होण्यामागे हेच कलम असणार. दुसरीकडे विमा नियामकाने जे प्रमाणित अपवाद ठरवून दिले आहेत, त्यांत बारावा अपवाद मद्यपान, अमली पदार्थ आणि कोणत्याही व्यसनाच्या उपचारांचा आणि त्यांच्या परिणामांचा आहे. संसदेचा कायदा ज्याला मानसिक आजार म्हणतो त्याला पॉलिसीचा अपवाद दारातून परत पाठवतो. माझ्या मते हा अपवाद कायद्याच्या हेतूशी सरळ विसंगत आहे आणि तो लढवला गेला पाहिजे.

आणखी एक. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, अल्प प्रमाणातल्या पदार्थाचा किंवा सेवनाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले, तर खटल्यातून सूट मिळू शकते. म्हणजे एकच राज्यव्यवस्था व्यसनी माणसाला एका कायद्यात रुग्ण, दुसऱ्यात जबाबदार आरोपी आणि विम्याच्या कागदावर स्वतःच्या कर्माची फळं भोगणारा मानते. पहिल्या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. तिसरीला काही आधार नाही.

वेण्णाकाठ

मी पिणारा होतो. सातारकडचा. आता पीत नाही.

सरळरेषासाहेब, पगार संपला की थांबतं म्हणता, ते बाहेरून दिसतं तसं आहे. माझा पगार संपला की मी वडिलांच्या औषधाच्या पैशांकडे बघायचो. साहेबांसमोर दोन तास थांबायचो ते खरं, पण त्या दोन तासांत साहेब काय बोलले ते एक अक्षर आठवत नाही. डोक्यात एकच चालू, सुटतो कधी.

मी आईची शपथ घेतली, मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, देवळात नारळ फोडला. दरवेळी मनापासून. शपथ मोडली की पिण्याच्या जोडीला लाज यायची, आणि ती लाज घालवायला पुन्हा दारूच. व्यसनमुक्ती केंद्रात पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं की तू नालायक नाहीस, तुला एक दुखणं आहे, ते आयुष्यभर सांभाळावं लागेल, आणि सांभाळायचं काम तुझं. मला शेवटचे चार शब्द सगळ्यांत उपयोगी पडले. अबोलीताई, तुमच्या यजमानांना कुणी अर्धंच सांगितलं. दुखणं आहे एवढं सांगून थांबणारा समुपदेशक घरचं नुकसान करतो. आमच्याकडे माफी मागायची, घेतलेले पैसे परत करायचे, मारलेल्या माणसासमोर बसायचं, हे सगळं उपचारातच येतं.

थोडा इतिहास, कारण नव्या लोकांना माहीत नसतो. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये डॉ. अनिता (सुनंदा) अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने. सुनंदाताई येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या आणि केंद्राची सुरुवातही तिथल्याच आवारात झाली. दारुड्याला गुन्हेगार न मानता माणूस मानून बसवायचं, आणि बरे झालेल्यांनीच नव्यांना हात द्यायचा, ही रीत तिथे रुजली. आमच्या साताऱ्यात नरेंद्र दाभोलकरांनी 'परिवर्तन' उभं केलं. अंधश्रद्धेशी लढणारा माणूस व्यसनमुक्तीतही का उतरला ते मला तिथे जाऊन कळलं. दारू सोडवायला बाबाकडे अंगारा आणि डॉक्टरकडे गुपचूप चहात घालायची गोळी, दोन्हींची मागणी करणारे लोक एकच असतात. रुग्णाला न विचारता सगळं व्हावं अशी त्यांची इच्छा असते.

सरळरेषा

वेण्णाकाठ, तुमच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण माझ्या आजोळी किमान पाच-सहा पिणारे माळ घालून सुटले. तुळशीची माळ गळ्यात आली, वारी सुरू झाली, दारू आणि मटण दोन्ही बंद. औषध नाही, डॉक्टर नाही. कर्करोग माळेने जात नाही. माळेने जातं त्याला आजार म्हणायचं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

वेण्णाकाठ

माळ घालून सुटलेले मीही पाहिले आहेत आणि त्यांच्या पाया पडतो. पण माळ घातली म्हणजे काय झालं ते बघा. संध्याकाळी गुत्त्याच्या वेळेला हरिपाठ आला. जुनी संगत सुटली, नवी दिंडी मिळाली. एकादशी आली, दर वर्षी आषाढीची ओढ आली. गावाने "माळकरी झाला" म्हणून मान दिला आणि त्याने ग्लास उचलला तर अख्खं गाव विचारणार. केंद्रात आम्हाला हेच शिकवतात, फक्त अभंगांच्या जागी गटाची बैठक असते. आणि माळ घालून दुसऱ्या महिन्यात ती खुंटीला टांगलेलेही त्याच गावात असतात. त्यांचं नाव कुणी काढत नाही.

स्टेथोस्कोप

वेण्णाकाठ यांना अनुमोदन. सरळरेषा, तुमच्या व्हिएतनामच्या सैनिकांचंही उत्तर यातच आहे. युद्धभूमी सुटली, हेरॉइन स्वस्तात हाताशी राहिलं नाही, घर आणि नोकरी मिळाली. व्यसनातला जो निम्मा वाटा परिस्थितीचा, तो एका विमानप्रवासात बदलला. गुत्त्याशेजारी राहणाऱ्या, रोजंदारीवरच्या माणसाला तसं विमान मिळत नाही. शिवाय उपचाराशिवाय सुटणारे खूप असतात हे खरंच आहे. आमच्यापर्यंत येतात ते न सुटलेले. कावीळही पुष्कळांची आपोआप बरी होते.

निर्झरा

विषयाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल लिहिते, कारण मला स्वतःला निदान मिळालेलं आहे. आवाज ऐकू येत. गोळ्या घेते आणि त्यांचा उपयोग होतो.

रानजाई, 'आजार' म्हटलं की माणूस उंबऱ्याच्या आत येतो असं तुम्ही धरून चालला आहात. कधीकधी उलटं होतं. निदानाचा कागद आल्यावर माझी सही, माझं बँक खातं, माझं लग्न, सगळ्यावर इतरांनी बोलायला सुरुवात केली. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे आजही घटस्फोटाचं कारण आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा २८ मनोरुग्ण जळून मेले, कारण ते साखळ्यांनी बांधलेले होते. साखळी भगताच्या दारात असो की कायद्याच्या, बांधलेल्याला सारखीच. पुण्यात भार्गवी दवर यांनी बापू ट्रस्टमधून आयुष्यभर हेच मांडलं की आधी त्या माणसाला विचारा.

मला सांगितलं गेलं होतं की मेंदूतल्या रसायनांचा तोल गेलाय. एवढं सोपं ते नाही. २०२२ मध्ये जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी सगळे आढावे एकत्र तपासले. सेरोटोनिन कमी पडल्याने नैराश्य येतं याला ठोस पुरावा त्यांना सापडला नाही. याचा अर्थ नैराश्य खोटं किंवा औषधं निरुपयोगी, असा अजिबात नाही, आणि तो तसा पसरवणाऱ्यांचा मला राग येतो. कुणीही हे वाचून गोळ्या बंद करू नका. माझं म्हणणं एवढंच की मला बरं करण्यात गोळीइतकाच वाटा वेळेवर झोपेचा, स्वतःच्या भाड्याच्या खोलीचा आणि न घाबरता फोन उचलणाऱ्या मैत्रिणीचा आहे. आजार आहे म्हणा, पण तो फक्त कवटीच्या आत आहे असं म्हणू नका.

मांडवी

निर्झरा यांच्या मुद्द्याला गोव्यातली जोड. आमच्याकडे 'संगत' ही संस्था १९९६ पासून काम करते, डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, गावातल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं. केंद्रात येणारा माणूस मला नैराश्य आहे असं म्हणत नाही. झोप नाही, अंग दुखतं, टेन्शन आहे, असं सांगतो. दारूसाठी जास्तीत जास्त चार बैठका, नैराश्यासाठी सहा ते आठ. शास्त्रशुद्ध चाचणी झाली आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आले. नेहमीच्या उपचारांपेक्षा दोन्हींत फरक पडला. समोरच्याला आधी आजाराचं नाव मान्य करायला लावायची गरज पडली नाही.

रानजाई

सगळ्यांना धन्यवाद. निर्झरा, तुमचा प्रतिसाद छापून ताईच्या नणंदेला देणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

सरळरेषा, तुमच्यामुळे मला माझी बाजू सापडली. निवड असते हे मला मान्य आहे. पण निवड करायला समोर दोन वाटा लागतात. एम्सच्या पाहणीचा २०१९ चा अहवाल म्हणतो की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांतल्या एकालाच कुठलातरी उपचार मिळतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूच्या व्यसनात उपचारांवाचून राहणारे ८६ टक्के होते. आमच्या तालुक्यात देशी दारूचं दुकान एसटी स्टँडसमोर आहे आणि व्यसनमुक्तीची खाट जिल्ह्याच्या गावाला. "मनावर घे" म्हणणाऱ्यांनी या अंतराबद्दल कधी काही केलेलं मी पाहिलं नाही. आजार मानला की खाट मागता येते, विमा मागता येतो, गोळ्या मागता येतात. नाद म्हटलं की फक्त माणसाला बोल लावता येतात. म्हणून मी आजार म्हणणार, आणि अबोलीताईंच्या वळाचा हिशेब त्याच्या शेजारी लिहूनच म्हणणार.

पक्षकार, विम्याचं पुढे कसं करायचं?

पक्षकार

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्या, पोच ठेवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. कार्यालयं मुंबई आणि पुण्यात आहेत. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जा. डिस्चार्ज कार्डावर निदान नेमकं काय लिहिलंय ते बघा, आणि अर्जात २०१७ च्या कायद्यातली व्याख्या आणि कलम २१(४) शब्दशः उतरवा. नक्की मिळेल असं मी म्हणत नाही, अपवाद क्रमांक बारा तुमच्या विरुद्ध उभा राहणारच. तरी लेखी नकार मिळवणं महत्त्वाचं आहे, पुढे न्यायालयात जायचं झालं तर तोच लागतो.

सरळरेषा

व्यसनाला आजार म्हणायला मी अजून तयार नाही. पण खाटेच्या अंतराबद्दल रानजाई जे म्हणतात त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि विम्याचा अपवाद मलाही अन्यायाचा वाटतो. स्वतःच्या चुकीने गाडी ठोकून घेणाऱ्याचं हाड विम्यात बसतं.

अबोली

पक्षकार, वेण्णाकाठ, आभार. घरच्यांसाठी काही असतं का? म्हणजे माझ्यासारखीसाठी. त्यांनी उपचार घेतले नाहीत तरी मला जाता येईल असं.

वेण्णाकाठ

हो ताई. अल-अनॉनच्या बैठका खास पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी असतात. तो पीत असला तरी तुम्ही जाऊ शकता, नाव-गाव सांगावं लागत नाही. मुक्तांगणमध्ये बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. जवळ काही नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात. तुमचा जिल्हा मला व्यक्तिगत निरोपात कळवा, तिथली बैठक कुठे आणि कोणत्या वारी भरते ते आमच्या गटात विचारून आज रात्रीपर्यंत सांगतो.